अब्रूचा दावा आणि पुराव्याचा कागद : तीन खटल्यांचा इतिहास

१/
२६ ऑक्टोबर १८८२ रोजी मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून दोन तरुण संपादक बाहेर आले. दोघांचेही वय २६. एक बाळ गंगाधर टिळक, दुसरे गोपाळ गणेश आगरकर. टिळकांच्या तुरुंगवासाची आठवण निघाली की राजद्रोह आणि मंडाले हेच शब्द ओठांवर येतात. परंतु त्यांचा पहिला तुरुंगवास राजद्रोहाबद्दल नव्हता. तो अब्रुनुकसानीबद्दल होता, आणि फिर्यादी कोणी इंग्रज अंमलदार नसून कोल्हापूर संस्थानचे कारभारी होते.

२/
पुढे ३७ वर्षांनी हेच टिळक लंडनच्या न्यायालयात उभे राहिले, तेव्हा भूमिका उलटली होती. आपली बदनामी झाली म्हणून दाद मागणारे वादी आता ते स्वतः होते. तो खटलाही ते हरले. या दोन्हींच्या आधी, १८६२ साली, मुंबईतच अब्रुनुकसानीचा एक गाजलेला खटला झाला होता आणि त्यात मात्र पत्रकार जिंकला होता. हे तीन खटले शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. सत्य बोलणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. पण ते सत्य सिद्ध करण्याची साधने कोणाच्या हाती असतात?

३/
आधी कायदा थोडक्यात. बदनामीविरुद्ध दोन मार्ग असतात. दिवाणी मार्गात वादी नुकसानभरपाई मागतो. तेथे इंग्रजी कायद्याच्या परंपरेनुसार छापलेला मजकूर खरा ठरला की दावा कोसळतो. फौजदारी मार्गात शिक्षा होते. भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या कलम ४९९ मध्ये बदनामीची व्याख्या व दहा अपवाद होते, तर कलम ५०० मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली होती.

४/
दहा अपवादांपैकी पहिला महत्त्वाचा. विधान खरे असले आणि ते लोकहितासाठी केलेले असले, तर तो गुन्हा नव्हे. म्हणजे फौजदारीत केवळ सत्य पुरत नाही. सोबत लोकहितही दाखवावे लागते. आणि आपण या अपवादात बसतो हे दाखवण्याचा भार लिहिणाऱ्याच्या खांद्यावर असतो. ‘तुमचे म्हणणे खोटे आहे’ हे फिर्यादीने सिद्ध करायचे नसते. ‘माझे म्हणणे खरे आहे’ हे आरोपीने दाखवायचे असते.

५/
इतर अनेक अपवाद ‘सद्भाव’ या शब्दावर उभे आहेत. सार्वजनिक अधिकाऱ्याच्या कामाविषयी सद्भावाने मत दिले तर ती बदनामी ठरत नाही. मग सद्भाव म्हणजे काय? व्यवहारात आपण त्याचा अर्थ शुद्ध हेतू असा करतो. दंड संहितेच्या कलम ५२ ने त्याचा अर्थ वेगळा केला : योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली किंवा मानलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येत नाही. निष्काळजीपणा आणि बदनामी हे कायद्याचे दोन निराळे प्रांत. त्यांची सीमा या एका वाक्यात एकमेकींना भिडते. मन स्वच्छ असणे पुरेसे नाही, पडताळणीही हवी.

६/
आता पहिला खटला. करसनदास मुळजी हे मुंबईतील गुजराती समाजसुधारक. विधवाविवाहाच्या बाजूने लिहू पाहतात म्हणून त्यांना तरुणपणी आपल्या नातलगाचे घर सोडावे लागले होते. १८५५ साली त्यांनी ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती साप्ताहिक सुरू केले. २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात त्यांनी वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या वर्तनावर, विशेषतः स्त्री-भक्तांशी असलेल्या त्यांच्या व्यवहारावर, कठोर आरोप केले. त्यात जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांचे नाव घेतलेले होते.

७/
जदुनाथजी महाराजांनी १८६१ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात ५०,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. प्रतिवादी दोघे : संपादक करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना. ही रक्कम त्या काळात एखाद्या छोट्या साप्ताहिकाला जमीनदोस्त करण्यास पुरेशी होती. करसनदासांनी माघार घेतली नाही. ‘लिहिलेले खरे आहे’ हाच बचाव त्यांनी घेतला. हा बचाव घेणे म्हणजे सगळा भार अंगावर ओढून घेणे होते, कारण आता प्रत्येक आरोपाला साक्षीदार लागणार होता.

८/
साक्षीदार मिळू नयेत अशी व्यवस्थाही तितक्याच वेगाने झाली. महाराजांचे अनुयायी असलेल्या भाटिया समाजातील काही प्रमुखांनी सभा भरवली आणि महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याचा बेत केला. त्या काळी जातीबाहेर पडणे म्हणजे सोयरीक, व्यापार, पत आणि अंत्यसंस्काराला येणारे चार खांदे, सगळेच गमावणे. करसनदासांनी या मंडळींविरुद्ध न्यायात अडथळा आणण्याच्या कटाचा खटला भरला. त्यात त्यांना दोषी धरून दंड झाला. मुख्य खटला उभा राहण्यापूर्वी साक्षीदारांची वाट मोकळी करण्याची ही लढाई जिंकावी लागली.

९/
२५ जानेवारी १८६२ रोजी सुनावणी सुरू झाली. न्यायासनावर सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ अर्नोल्ड. सर्वांत परिणामकारक साक्ष ठरली ती डॉक्टरांची. मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले. महाराजांनी आपल्याला गुप्तरोग झाल्याचे नाकारले होते. वैद्यकीय साक्षीने ते नाकारणे टिकू दिले नाही. संस्कृत व धर्मग्रंथांचे अभ्यासक रेव्हरंड जॉन विल्सन यांनीही साक्ष दिली. जातीच्या भीतीपलीकडे जाऊन बोलणारी माणसे त्या शहरात होती, म्हणून तो बचाव उभा राहू शकला.

१०/
२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. काही कायदेशीर मुद्द्यांवर दोन न्यायमूर्तींची मते वेगळी होती, पण आरोप सत्य असल्याचा बचाव मान्य झाला. खर्चापोटी करसनदासांना ११,५०० रुपये मंजूर झाले. नीतीच्या कसोटीवर जे चूक आहे ते धर्माच्या नावाने बरोबर ठरू शकत नाही, हा अर्नोल्ड यांच्या निकालपत्रातील विचार पुढे वारंवार सांगितला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्ट जाऊन त्याच्या जागी मुंबई हायकोर्ट आले. सॉस त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले.

११/
वीस वर्षे पुढे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागे दत्तक घेतलेला मुलगा चौथे शिवाजी म्हणून गादीवर आला. महाराज अल्पवयीन, त्यामुळे राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत असे. पुढे माधवराव बर्वे कारभारी झाले. तरुण महाराजांना वेडाचे झटके येतात असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. महाराजांना छळून वेडे ठरवले जात आहे, अशी कुजबुज पुण्या-कोल्हापुरात होती.

१२/
पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या भोवती जमलेल्या, न्यू इंग्लिश स्कूल चालवणाऱ्या तरुण शिक्षकांचा हा उद्योग. आगरकर ‘केसरी’चे, तर टिळक ‘मराठा’चे काम पाहत. कोल्हापूरचे प्रकरण त्यांच्या दृष्टीने साध्या बातमीपेक्षा मोठे होते. शिवछत्रपतींच्या वंशातला एक मुलगा पहारेकऱ्यांच्या हाती आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, ही त्यांची भावना होती. लेखांची धार त्या भावनेतून आली.

१३/
याच सुमारास बर्वे यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रे पुढे आली. महाराजांविरुद्ध कारस्थान चालू असल्याचे त्यांतून सूचित होत होते. ती पत्रे खरी असती तर कारभाऱ्यांचा निकाल लागला असता. संपादकांनी ती खरी मानली आणि त्यांच्या आधारे लिहिले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद केली. प्रकरण मुंबईला गेले, दंडाधिकाऱ्यांकडून हायकोर्टाच्या सेशन्सकडे आले, आणि तेथे पत्रे बनावट असल्याचे स्पष्ट झाले.

१४/
खटला चालू असतानाच १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकर वारले. ज्यांच्या नावाने मंडळी एकत्र आली होती तेच गेले. पत्रांचा खोटेपणा समजल्यावर टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. या सगळ्या काळात मदतीचा हात अनपेक्षित ठिकाणांहूनही आला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक वर्तुळातील रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दोघांसाठी १०,००० रुपयांचा जामीन दिला. ब्राह्मण संपादकांच्या पाठीशी सत्यशोधक उभे राहिले, हे पुढच्या दशकांतले वाद ठाऊक असणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

१५/
सवलत मिळून शिक्षा १०१ दिवसांवर आली. २३ जुलैला टिळकांचा २६ वा वाढदिवस तुरुंगातच गेला. आगरकरांनी पुढे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले ‘विकारविलसित’ हे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याचे काम या तुरुंगवासाशी जोडलेले आहे. राजवाड्यातले सगळे ज्याला वेडा समजतात अशा राजपुत्राचे ते नाटक. कोल्हापूरच्या राजपुत्रासाठी कैद भोगलेल्या माणसाने ते मराठीत आणावे, हा योगायोग बोलका आहे.

१६/
आणि तो राजपुत्र? त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. वय अवघे २०. संपादक सुटून जेमतेम १४ महिने झाले होते. मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज.

१७/
येथे थोडे थांबावे लागते. महाराजांच्या जिवाची ‘केसरी’ला वाटलेली काळजी निराधार होती असे त्या नाताळच्या दिवसानंतर कोण म्हणेल? तरीही न्यायालयाचा निकाल कायद्याच्या दृष्टीने चुकीचा होता असेही म्हणता येत नाही. न्यायालयापुढचा प्रश्न ‘महाराजांचे हाल होतात काय’ हा नव्हताच. प्रश्न एवढाच होता : बर्वे यांच्यावर केलेला आरोप खरा होता काय, आणि छापण्यापूर्वी पुरेशी काळजी घेतली होती काय? काळजी खरी होती, कागद खोटा होता. खोट्या कागदाने खऱ्या काळजीचेही नुकसान केले, कारण त्यानंतर कोल्हापूरविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाला ‘ती पत्रे बनावट निघाली ना?’ एवढे विचारले की पुरे होते.

१८/
पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुण्यात बसलेले २५-२६ वर्षांचे संपादक त्या पत्रांची पडताळणी करणार कशी? दरबारचे दप्तर कारभाऱ्यांच्या हाती. महाराजांना भेटायचे तर परवानगी इंग्रज अधिकाऱ्यांची. प्रकृतीचे दाखले सरकारी डॉक्टरांचे. जे सिद्ध करायला कायदा सांगत होता, त्याचे सगळे पुरावे फिर्यादीच्या आणि त्याच्यामागे उभ्या सत्तेच्या कुलपात होते. दार बंद असले की माणूस भिंतीपलीकडून फेकलेल्या कागदावर विश्वास ठेवतो. बनावट पत्रे तयार करणाऱ्यांना हे नेमके ठाऊक असते. त्यामुळे संपादकांचा दोष नाहीसा होत नाही. पण तो कोणत्या परिस्थितीत घडला हे दिसते.

१९/
तिसरा खटला याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवतो. सर व्हॅलेंटाइन चिरोल हे लंडनच्या ‘टाइम्स’चे वजनदार पत्रकार. १९१० साली त्यांचे ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक निघाले. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे शालेय पुस्तकांतून पाठ झालेले बिरुद याच पुस्तकातून आले आहे. चिरोल यांनी ते निंदेच्या सुरात वापरले. महाराष्ट्राने ते गौरव म्हणून उचलले. टिळकांनी त्या शब्दांबद्दल दावा लावला असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही.

२०/
दावा होता तो ठराविक आरोपांबद्दल. १८९७ मधील रँड यांचा आणि १९०९ मधील नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून यांच्याशी टिळकांचा संबंध सूचित करणारा मजकूर, पैसे उकळल्याचा आरोप, आणि ताईमहाराज प्रकरणातील त्यांच्या वर्तनावरील ताशेरे यांचा त्यात समावेश होता. जॅक्सन यांचा खून झाला तेव्हा टिळक वर्षाहून अधिक काळ कैदेत होते. ताईमहाराज दत्तक प्रकरणात तर १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला होता. जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटलेल्या टिळकांना वाटले, इंग्रजी न्यायालयात, इंग्रजी कायद्याने, आपली अब्रू परत मिळवता येईल.

२१/
चिरोल आणि त्यांचे प्रकाशक मॅकमिलन यांच्याविरुद्ध दावा दाखल झाला. लंडनला येऊ न शकणाऱ्या साक्षीदारांचे जबाब भारतात नोंदवले गेले. चिरोल हे खासगी प्रतिवादी, पण मुंबई सरकारने त्यांना मनापासून मदत केली. जुनी दप्तरे व कागदपत्रे त्यांच्या बाजूने उपलब्ध झाली. १८८२ साली ‘केसरी’च्या संपादकांना ज्या दप्तराचे दार बंद होते, तशाच दप्तराचे दार आता चिरोल यांच्यासाठी उघडले होते. दोन्ही वेळी दार उघडायचे की लावायचे हे ठरवणारे हात मात्र एकाच सत्तेचे होते.

२२/
२९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग आणि विशेष ज्यूरीपुढे सुनावणी सुरू झाली. टिळकांचे वकील सर जॉन सायमन, चिरोल यांचे सर एडवर्ड कार्सन. बदनामीच्या खटल्यात वादीचे स्वतःचे आयुष्य उलटतपासणीत उसवून काढण्याची कार्सन यांची हातोटी जुनी होती. १८९५ साली ऑस्कर वाइल्डने लावलेला असाच एक दावा त्यांनी वाइल्डवर उलटवला होता. आता त्यांच्यापुढे ६२ वर्षांचे टिळक होते, राजद्रोहाबद्दल १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झालेले. महायुद्ध नुकतेच संपलेले, आणि ज्यूरीत सगळे इंग्रज नागरिक.

२३/
अब्रूच्या दाव्याचा हा एक स्वभाव आहे. पिंजऱ्यात प्रतिवादी उभा आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात वादीचीच झडती सुरू होते. ‘तुमची अब्रू गेली’ हे ठरवण्यापूर्वी ‘ती होती किती’ हे मोजले जाते. टिळकांच्या बाबतीत हे मोजणारी माणसे त्यांना आधीच साम्राज्याचा शत्रू म्हणून ओळखत होती. २१ फेब्रुवारी १९१९ रोजी ज्यूरीने चिरोल यांच्या बाजूने कौल दिला. इंग्रजी पद्धतीप्रमाणे हरणाऱ्याने दुसऱ्या बाजूचाही खर्च सोसायचा. लाखो रुपयांचा बोजा टिळकांवर पडला आणि तो हलका करण्यासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली. महाराष्ट्रात त्या पराभवाने टिळकांची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही. न्यायालयातली अब्रू आणि लोकांमधली अब्रू या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या वर्गणीने सांगितले.

२४/
तिन्ही खटल्यांची आता तुलना करू. करसनदास जिंकले, कारण साक्षीदार मिळवणे त्यांना शक्य झाले, आणि ते मिळू न देणाऱ्यांना न्यायालयाने आधीच रोखले. टिळक-आगरकर हरले, कारण पुरावा बनावट होता आणि खरा पुरावा त्यांच्या आवाक्याबाहेर होता. चिरोल जिंकले, कारण दप्तर त्यांच्यासाठी उघडले गेले आणि ऐकणारे कान त्यांच्या बाजूला झुकलेले होते. ‘सत्य हा बचाव आहे’ हे तत्त्व तिन्ही ठिकाणी सारखेच होते. बदलत होती ती सत्यापर्यंत पोचण्याची वाट.

२५/
स्वतंत्र भारतात ही वाट काही अंशी रुंद झाली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य हे प्रकरण आले. ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाला ऑटो शंकर या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचे आत्मचरित्र छापायचे होते, आणि तुरुंग प्रशासनाकडून त्याला विरोध झाला. न्यायालयाने सांगितले की सरकारी अधिकारी आपल्या पदाच्या कामाविषयीच्या मजकुराबद्दल सहजासहजी नुकसानभरपाई मागू शकत नाहीत. मजकूर खोटा होता आणि सत्याची बेदरकारपणे पर्वा न करता छापला, हे त्यांना दाखवावे लागेल. लिहिणाऱ्याने वाजवी पडताळणी करून लिहिले असेल, तर तेवढे पुरे.

२६/
‘वाजवी पडताळणी’ हे दोन शब्द या सगळ्या इतिहासातले महत्त्वाचे वळण आहेत. संपूर्ण सत्य सिद्ध करण्याचा डोंगर उचलण्याऐवजी, ‘छापण्यापूर्वी मी काय काय तपासले’ हे दाखवण्याची मुभा त्यांनी दिली. अर्थात ही मुभा दिवाणी दाव्यापुरती. शिवाय १८८२ मधील संपादक त्या जोरावर आपोआप सुटले असते असे नाही. त्यांनाही पत्रे कोठून आली, हस्ताक्षर कोणाला दाखवले, हे विचारले गेलेच असते. पण प्रश्न त्यांच्या काळजीविषयीचा झाला असता, आणि त्याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या हाती असते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दुसऱ्या बाजूने मदत केली : सरकारी दप्तराचे दार नागरिकाला निदान ठोठावता येऊ लागले.

२७/
फौजदारी बदनामी मात्र कायम राहिली. नुकसानभरपाईचा मार्ग असताना तुरुंगाची भीती कशासाठी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला गेला. मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात न्यायालयाने ही तरतूद घटनात्मक ठरवली. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यामागचे कारण होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. बदनामी तिच्या कलम ३५६ मध्ये आहे. कैद व दंडाबरोबर आता समाजसेवेच्या शिक्षेचाही पर्याय आला आहे. व्याख्या, अपवाद आणि सद्भावाची अट मात्र बहुतांशी १८६० चीच आहे.

२८/
म्हणून डोंगरीच्या १०१ दिवसांकडे केवळ शौर्यकथा म्हणून पाहणे अपुरे ठरते. त्या प्रकरणाने पुढच्या लिहिणाऱ्यांसाठी दोन धडे ठेवले आणि ते दोन्ही एकत्रच घ्यावे लागतात. पहिला लिहिणाऱ्यासाठी : आपली बाजू न्यायाची आहे ही खात्री जितकी पक्की, तितका हाती आलेला सोयीचा कागद अधिक संशयाने तपासावा, कारण बनावट कागद नेहमी आपल्याला जे ऐकायचे असते तेच सांगतो. दुसरा समाजासाठी : पुराव्याची दारे बंद ठेवून लोकांकडून पुरावा मागणारी सत्ता सत्याची बाजू घेत नाही, ती फक्त शांतता विकत घेते. शिवाजी महाराजांच्या त्या वीस वर्षांच्या वारसासाठी खोटी पत्रे निरुपयोगी ठरली आणि खरी दप्तरे कोणी उघडली नाहीत. त्याच्या वाट्याला आलेला अंत या दोन्हींमधल्या पोकळीत घडला.

(थ्रेड समाप्त)